ईएल३४ काढून अडॅप्टरवर ईएल८४ लावल्या, एक ट्यूब लाल होतेय – मदत हवी आहे

रिदम_पुणे
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. माझ्या ट्यूबच्या गिटार अँपमध्ये ईएल३४ या पॉवर ट्यूब आहेत. घरी कमी आवाजात पॉवर ट्यूबचा ड्राइव्ह (फाटका, भरीव आवाज) मिळावा म्हणून त्यांच्या जागी लहान ईएल८४ बसवायचे अडॅप्टर मागवले. दोन्ही लावले, नवी जोडी बसवली. स्टँडबाय (ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा स्विच) उघडला की दहा-पंधरा सेकंदांत एका ट्यूबची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लालभडक होते आणि स्पीकरमधून मोठी गुणगुण येते. दुसरी ट्यूब व्यवस्थित आहे. आवाज येतो, पण पसरट, दम नाही. बायस (शांत असताना ट्यूबमधून किती प्रवाह जावा ते ठरवणारं व्होल्टेज) किती ठेवायचा एवढंच सांगा. शनिवारी कार्यक्रम आहे.

व्हॉल्व्हवाला
आधी अँप बंद ठेवा. लाल प्लेटवर ट्यूब काही मिनिटांत जाते आणि जाताना स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेऊन जाऊ शकते.
आता हे सांगा: अँप कुठला? अडॅप्टर कुठले? कॅबिनेट (स्पीकर) किती ओहम आणि अँपचा ओहमचा सिलेक्टर कुठे आहे? याच अँपमध्ये ईएल३४ नीट चालत होत्या का? याशिवाय बायसचं उत्तर देता येणार नाही.

डेसिबल
मुळात अडॅप्टर घेऊन काय साधतं? ५० वॉटवरून १५ वॉटवर आलात तर जेमतेम ५ डेसिबल कमी होतात. शेजारी तेवढाच ओरडणार. अ‍ॅटेन्युएटर घ्या. तो अँप आणि स्पीकरमध्ये बसून जादा ताकद शोषतो. कॅबिनेटच्या ओहमशी जुळणारा आणि किमान १०० वॉट झेपणारा, कारण पूर्ण उघडलेला ५० वॉटचा अँप ५० च्या बराच वर जातो.

रिदम_पुणे
अँप मार्शलच, अजून कुठला! जेसीएम८०० २२०४, ५० वॉट, दोन ईएल३४. त्यांच्यावर उत्तम चालत होता. अडॅप्टर ऑनलाइन घेतले, नाव काही नाही. कॅबिनेट १६ ओहम, सिलेक्टर १६ वर. बायसचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिला, काडीचा फरक नाही. अ‍ॅटेन्युएटरचं विचारलेलं नाही.

जुना_सोल्डर
पॉटने फरक पडत नाही, हे अगदी बरोबर आहे. २२०४ मध्ये ईएल३४ च्या ग्रिडवर (सिग्नल येतो त्या जाळीवर) उणे ३५ ते ४५ व्होल्टचा ठरावीक बायस असतो. तो थेट ईएल८४ च्या ग्रिडवर गेला तर ट्यूब पूर्ण बंद पडेल. म्हणून अशा अडॅप्टरच्या आत तीन गोष्टी असतात: ऑक्टलच्या (आठ पिनांच्या खालच्या बाजूच्या) ५ नंबर पिनपासून ग्रिडकडे जाताना एक कपलिंग कंडेन्सर (सिग्नल सोडतो, डीसी अडवतो), ग्रिडपासून ८ नंबर पिनकडे ग्रिड लीक रेझिस्टर, आणि कॅथोड (ट्यूबमधलं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) व ८ नंबर पिन यांच्यामध्ये कॅथोड रेझिस्टर, त्याला समांतर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. बायस ट्यूब स्वतःच करून घेते. अँपचा पॉट तिच्यापर्यंत पोचतच नाही.
पण तुम्ही पॉट हलवला आहे हे लिहून ठेवा. ईएल३४ परत लावाल तेव्हा बायस नव्याने करावाच लागेल. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला ३५ ते ३८ मिलिअँप.

पेडलबोर्ड
कपलिंग कंडेन्सर गळका असणार. लाल प्लेटचं नेहमीचं कारण तेच. फेज इन्व्हर्टरनंतरचे (दोन पॉवर ट्यूबना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या टप्प्यानंतरचे) दोन्ही ०.०२२ मायक्रोफॅरडचे बदलून टाका.

जुना_सोल्डर
पेडलबोर्ड, इथे ते लागू पडत नाही. फेज इन्व्हर्टरचा कंडेन्सर गळका असता तर धन व्होल्टेज ग्रिडवर येऊन ईएल३४ सुद्धा लाल झाली असती, आणि ती चालत होती. अडॅप्टरच्या आतला कंडेन्सर गळत असेल तर त्याच्या अलीकडे अँपचा उणे बायस आहे, म्हणजे ग्रिड आणखी उणे होईल. ट्यूब थंड पडेल, तापणार नाही. लाल होण्याचं कारण कॅथोडच्या बाजूला शोधा.

व्हॉल्व्हवाला
+१. गुणगुणही त्याचीच खूण. पुश-पुलमध्ये (दोन ट्यूब आळीपाळीने काम करतात त्या रचनेत) दोन्ही ट्यूबचा प्रवाह सारखा असतो तेव्हा पॉवर सप्लायचा रिपल (उरलेली लहर) ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतो. एक बाजू चौपट ओढायला लागली की तो स्पीकरमध्ये ऐकू येतो. आवाज पसरट होण्याचं कारणही हेच.
रिदम, ट्यूबची अदलाबदल करून पाहिलीत का?

रिदम_पुणे
ती तर पहिल्याच दिवशी केली. लाल त्याच बाजूला. एचटी (उच्च व्होल्टेजचा) फ्यूज बघितला, ५०० मिलिअँपचा आहे, शाबूत आहे. म्हणजे एवढं गंभीर नसावं ना?

व्हॉल्व्हवाला
हे आधी लिहायला हवं होतं, निम्मा धागा वाचला असता. फ्यूज शाबूत आहे यावरून काहीच ठरत नाही. एक ईएल८४ दोनशे मिलिअँप ओढत असली तरी ५०० चा फ्यूज टिकतो, आणि ट्यूब मात्र १२ वॉटच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असते.
अँप चालू न करता तपासता येईल. दोन्ही अडॅप्टर काढा, वरच्या ट्यूब काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. काळा प्रोब ऑक्टलच्या ८ नंबर पिनला: खालून बघितल्यावर मधल्या खुंटीवरच्या कंगोऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने १, २, ३ असे मोजत शेवटची पिन. लाल प्रोब वरच्या नोव्हल (नऊ भोकांच्या) सॉकेटच्या ३ नंबरला: वरून बघताना रुंद फटीपासून घड्याळाच्या उलट दिशेने तिसरं भोक. हा कॅथोड. आकडा थोडा चढत जाऊन स्थिरावेल, कारण कंडेन्सर भरत असतो. दोन्ही अडॅप्टरचे आकडे टाका.
मग ऑक्टल ५ ते नोव्हल २ पाहा. तिथे मीटरने काहीच दाखवायला नको. नोव्हल २ ते ऑक्टल ८ मध्ये काही लाख ओहम दिसले पाहिजेत.

क्लीनटोन
यात इतकं काय? ईएल८४ ला कॅथोड रेझिस्टर २७०, पुस्तकात लिहिलेलंच आहे. दोन्ही उघडून नवे २७० टाका, काम संपलं. शिवाय अडॅप्टरने अँप क्लास ए होतो, तो टोन अ‍ॅटेन्युएटरने मिळत नाही.

जुना_सोल्डर
क्लीनटोन, कृपया असं सांगू नका, कुणी तरी करून बसेल. २७० हा आकडा २५० ते ३०० व्होल्टसाठी आहे. २२०४ मध्ये प्लेट आणि स्क्रीन दोन्हींवर साडेचारशेच्या आसपास असतात. तिथे २७० लावला तर साठेक मिलिअँप जातील, म्हणजे प्लेटवर २४-२५ वॉट. दोन्ही ट्यूब लाल होतील. या व्होल्टेजला ६८० च्या आसपास लागतो. कॅथोडवर साधारण २० व्होल्ट उभे राहतात, म्हणजे २९ मिलिअँप. त्यातले दोन-तीन स्क्रीनचे वजा केले की प्लेटवर ११ वॉटच्या आसपास. मर्यादेच्या आत, पण काठावर.
आणि कॅथोड बायस म्हणजे क्लास ए नव्हे. दोन्ही ट्यूब पूर्ण सायकलभर वाहत राहिल्या तर क्लास ए. १२ वॉटची ट्यूब साडेचारशे व्होल्टवर इतक्या कमी प्रवाहात ठेवली की जोरात वाजवताना एक बाजू बंद होतेच. हा क्लास एबी.

क्लीनटोन
व्हॉक्स एसी३० अँपला सगळं जग क्लास ए म्हणतं.

जुना_सोल्डर
म्हणतं, पण जोरात वाजवला की तोही एबीतच जातो. चार ईएल८४ मिळून ३० वॉट देतात, ते चारही ट्यूब सतत क्लास एमध्ये राहून नाही निघत. त्यावर हवा तर वेगळा धागा काढू.

टेलीकास्टर_ठाणे
अडॅप्टरच कशाला? ६व्ही६ ही दुसरी पॉवर ट्यूब लावा. ऑक्टलच आहे, पिना त्याच, १ आणि ८ एकत्र जोडलेल्या असल्या तरी ६व्ही६ ला चालतं. जेजे कंपनीची ६व्ही६एस हे व्होल्टेज सोसते. बायस प्रत्येकी २०-२२ मिलिअँपवर आणा. तीस-चाळीस व्होल्टचा उणे बायस असल्याने पॉट बहुधा पोचतो. आतून काही बदलावं लागत नाही.

न्यूजर्सीकर
६व्ही६ चा सल्ला चांगला आहे, पण हीटर (ट्यूब तापवणारी तार) बघा. ईएल३४ चा हीटर १.५ अँपियर, ईएल८४ चा ०.७६, ६व्ही६ चा ०.४५. भार कमी झाला की वाइंडिंगचं ६.३ व्होल्ट वर सरकतं. तुमच्याकडे रात्री लाइन २४५ पर्यंत जाते असं गृहीत धरलं तर अँपचं व्होल्टेज सेटिंग २४० वर आहे का ते बघा. २२० वर असेल तर हीटर आणि एचटी दोन्ही दहा टक्क्यांनी वर. हीटरवर एसी ६.९ च्या वर दिसत असेल तर तसं चालवू नका. ईएल८४ साठी प्लेटवरचे वाढीव चाळीस व्होल्ट फार असतात.
अमेरिकेत याच कामासाठी टीएचडी कंपनीचे यलो जॅकेट अडॅप्टर वर्षानुवर्षं वापरले जातात, आणि तिथेही लोक मजबूत ईएल८४ शोधतात: रशियन ६पी१४पी-ईव्ही किंवा जुनी ७१८९, जिची प्लेट ४०० व्होल्टपर्यंत मान्य आहे. साध्या ईएल८४ ची छापील मर्यादा ३०० आहे.

चाफेकळी
एक शंका. मुंबईहून १२० व्होल्टचा अँप आणायचा आहे, स्टेप-डाउन किती व्हीएचा लागेल?

व्हॉल्व्हवाला
चाफेकळी ताई, ५० वॉटच्या अँपला ३०० व्हीए घ्या, अर्थिंगची तार आरपार जाते ना ते बघून. पण वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

रिदम_पुणे
मोजलं. एका अडॅप्टरमध्ये ३ ते ८ ला ६७४ ओहम. दुसऱ्यात ३८. ५ ते २ दोन्हींत काही नाही. २ ते ८ दोन्हींत ४७० किलो. ३८ वाला तोच, ज्यावरची ट्यूब लाल होते. खालचं झाकण उघडलं: रेझिस्टर ठीक दिसतो, शेजारी निळा कंडेन्सर आहे, २२० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, डोक्यावर किंचित फुगलेला.

जुना_सोल्डर
सापडलं. रेझिस्टर ६८० चा आणि शाबूत आहे, कंडेन्सर आत गळतोय, म्हणून दोन्ही मिळून ३८ दिसतात. कॅथोडवर २० ऐवजी आठ-नऊ व्होल्ट उरतात आणि ट्यूब मोकाट सुटते.
तो का गेला तेही बघा, नाहीतर दुसराही जाईल. शांत असतानाच कॅथोडवर २० व्होल्ट आहेत. क्लास एबीत जोरात वाजवलं की सरासरी प्रवाह वाढतो आणि कॅथोड पंचविशीच्या पुढे जातो. त्यात तो कंडेन्सर तापलेल्या ट्यूबच्या बरोबर खाली, बंद डबीत. २५ व्होल्टचा घालणं चुकीचंच होतं. त्यामुळे शाबूत दिसणाराही बदला.
१०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ अंशाचा घ्या. धन टोक कॅथोडकडे, ऋण टोक ८ नंबरकडे. २२० ऐवजी १०० ने बासमध्ये फरक कळणार नाही, आणि ६३ व्होल्टचा २२० त्या डबीत मावतही नाही. रेझिस्टर आता तापून निघालाय, तोही ६८० ओहम ३ वॉटचा नवा टाका. शांत असताना त्यावर अर्धा-पाऊण वॉटच उडतो, पण डबीत हवा नाही. पाय लांब ठेवून कंडेन्सर रेझिस्टरपासून दूर वाकवा.

व्हॉल्व्हवाला
हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल. अँप बंद आहे तोवर लाल झालेल्या बाजूच्या सॉकेटवर स्क्रीनचा १ किलोओहमचा रेझिस्टरही मोजा. हात घालण्याआधी फिल्टर कंडेन्सरवर डीसी मोजा. त्यात चारशेच्या वर व्होल्ट साचून राहतात. ५ वॉटचा १०-२० किलोओहमचा रेझिस्टर क्लिपने लावून रिकामे करा आणि पुन्हा मोजा. लाल झालेली ईएल८४ परत वापरू नका.

पेडलबोर्ड
सिलेक्टर आता ३२ ला हवा ना? ईएल८४ ला जास्त ओहम लागतात.

व्हॉल्व्हवाला
उलट आहे. २२०४ चा ट्रान्सफॉर्मर ईएल३४ च्या जोडीला ३.४ किलोओहम दाखवतो. ईएल८४ च्या जोडीला ८ किलोओहम लागतात. सिलेक्टर ८ वर ठेवून १६ चं कॅबिनेट लावलं की ट्यूबला दिसणारे (परावर्तित) ओहम दुप्पट होऊन ६.८ होतात, ते पुरेसं जवळ आहे. रिदम, सिलेक्टर ८ वर आणा. १६ वर ठेवल्याने ट्यूब लाल झाली नव्हती, पण जोरात वाजवताना प्लेट जास्त तापते आणि आवाज दबतो. ईएल३४ परत लावाल तेव्हा पुन्हा १६.

डेसिबल
आवाजाचं माझं म्हणणं अजून तसंच आहे. अ‍ॅटेन्युएटर नको तर फेज इन्व्हर्टरनंतरचा मास्टर व्हॉल्यूम बसवून घ्या. बायस देणाऱ्या २२० किलोच्या दोन रेझिस्टरच्या जागी २५० किलोचा दुहेरी पॉट. फक्त प्रत्येक गँगच्या (दुहेरी पॉटच्या एका भागाच्या) वायपरपासून (फिरत्या टोकापासून) बायसच्या टोकापर्यंत २.२ मेगचा रेझिस्टर लावायला सांगा, म्हणजे वायपरने संपर्क सोडला तरी ग्रिडवरचा बायस जात नाही.

रिदम_पुणे
स्क्रीनचा रेझिस्टर ९९० ओहम आला. सिलेक्टर ८ वर केला. पार्ट उद्या आणतो. शनिवारी मात्र ईएल३४ च लावून नेतो, बायस ३६ ला करून. एकच विचारतो: अडॅप्टर दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना काय बघू?

जुना_सोल्डर
आधी थंड असतानाच दोन्ही अडॅप्टरवर ३ ते ८ पुन्हा मोजा, दोन्ही ६८० च्या पाच टक्क्यांत हवेत. मग कॅबिनेट जोडलेलं ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर. हीटर दोन मिनिटं तापू द्या, मग स्टँडबाय. खोली अंधारी करा, दोन्ही प्लेट पाच मिनिटं बघत राहा. मंद केशरी उजेड कॅथोडचा, तो चालतो. प्लेटच्या करड्या पत्र्यावर लाल डाग दिसला की लगेच बंद. कॅथोडवरचे व्होल्ट मोजायला चालू अँपमध्ये हात घालावा लागतो, ते ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. १८ ते २१ आणि दोन्हींत दीड व्होल्टपेक्षा कमी फरक असेल तर बिनधास्त वाजवा.

टेलीकास्टर_ठाणे
हेच अडॅप्टर माझ्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब अँपमध्ये चालतील का?

जुना_सोल्डर
आधी अडॅप्टरच्या आत १ आणि ८ नंबरच्या पिना जोडलेल्या आहेत का ते ओहमवर बघा. फेंडर बऱ्याचदा सॉकेटची १ नंबरची पिन ग्रिडच्या १.५ किलोओहमच्या रेझिस्टरला आधार म्हणून वापरतात. अडॅप्टरने ती ८ ला म्हणजे जमिनीला जोडली तर सिग्नल आणि बायस दोन्ही जमिनीला. जोडलेल्या नसतील तर चालेल.