मदत हवी आहे: अकरा साक्षीदार एकच सांगताहेत, तरी खोटं कसं म्हणतात?

गवतफुला
शीर्षकात आहे तेच. अकरा माणसं, एकच घर, एकच रात्र, सगळे तेच सांगताहेत. गोळीची भोकं पोलिसांनी स्वतः पाहिली. तरी समोरचा म्हणतो घुबड होतं. साक्षीदारांची विश्वासार्हता कशी पटवून देतात ते कुणी मुद्देसूद सांगेल का? शनिवारच्या आत हवंय. कृपया 'गूगल कर' म्हणू नका, चार दिवस तेच करतेय.

चिंगी
कुणाचं घर? कसल्या गोळ्या? जखमी कोण?

बाळ्या सातारकर
शेजाऱ्यांशी भांडण असेल तर आधी एनसी करून ठेवा. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून झालं तेव्हा मी पहिल्याच दिवशी केली, पुढे फार उपयोग झाला. सीसीटीव्ही फुटेज मागायला उशीर करू नका, पुसलं जातं.

गवतफुला
अहो कसलं पार्किंग! केली-हॉपकिन्सव्हिल! घुबड म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं.

पिंगळा
मला कळलं. आणि घुबडच होतं.

शिरस्तेदार
सत्र न्यायालयात हयात गेली माझी. आधी सांग, तू कुणाच्या बाजूने, आणि ऐकणार कोण?

गवतफुला
कॉलेजात अभिरूप न्यायालय आहे काका. मी सटन कुटुंबाची वकील. विषय मी निवडलेला नाही, चिठ्ठी निघाली. दहा मिनिटं मिळणार.

चिंगी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? आता गोष्ट तरी सांगा.

गवतफुला
घाईत लिहितेय. २१ ऑगस्ट १९५५, रविवार. अमेरिकेतलं केंटकी राज्य, केली नावाची वस्ती, हॉपकिन्सव्हिल गावापासून सात-आठ मैलांवर. सटन कुटुंबाचं शेतातलं घर, फोन नाही, नळ नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला पाहुणा विहिरीवर पाणी आणायला गेला. त्याला आकाशातून रंगीत झोत सोडत काहीतरी पलीकडच्या घळीत उतरताना दिसलं. घरचे हसले. तासाभराने कुत्रा जोरात भुंकला आणि शेपूट घालून घराखाली शिरला. मग शेतातून साडेतीन फुटांचं, रुपेरी, मोठ्या कानांचं, पिवळ्या चमकत्या डोळ्यांचं कुणीतरी दोन्ही हात वर करून येताना दिसलं. यांनी बंदुका काढल्या. गोळी लागली की बादलीवर आपटल्यासारखा आवाज, ते कोलांटी खाऊन पसार आणि थोड्या वेळाने खिडकीत हजर! पाहुणा दाराबाहेर पडला तर छपरावरून पंजा खाली येऊन त्याच्या केसांना लागला. झाडावरच्याला गोळी मारली तर तो पडला नाही, तरंगत खाली आला. अकराच्या सुमाराला सगळे दोन गाड्यांत कोंबून पोलीस ठाण्यात. शहर पोलीस, राज्य पोलीस, शेरीफची माणसं, फोर्ट कॅम्पबेलचे लष्करी पोलीस, सगळे येऊन गेले. जाळीला भोक आणि रिकामी काडतुसं सापडली, बाकी काही नाही. पोलीस दोनच्या सुमाराला गेले आणि ते प्राणी परत आले, थेट पहाटेपर्यंत. बास.

बाळ्या सातारकर
रविवारची रात्र. सगळे टाइट असणार. विषय संपला.

नॅशव्हिलकर
नाही संपला. घरातली आई पन्नाशीची विधवा, धार्मिक, घरात दारू चालू देत नसे. पोलीसप्रमुख ग्रीनवेल यांनाही ही माणसं खरोखर घाबरलेली वाटली होती.
(मी तिथून दीड तासावर राहतो. २१ ऑगस्ट २०१७ ला खग्रास सूर्यग्रहण पाहायला हॉपकिन्सव्हिललाच गेलो होतो. तारीख बघा, तीच! दोन मिनिटं चाळीस सेकंद दिवसाढवळ्या रात्र. गावात हिरव्या बुटक्यांचे टीशर्ट विकायला होते.)

चिंगी
वा! ग्रहणाचे फोटो टाका ना.

गवतफुला
फोटो नंतर! आणि हिरवे नव्हतेच ते. घरातलं कुणीही हिरवं म्हणालं नव्हतं.

शिरस्तेदार
हा तुझा पहिला कामाचा मुद्दा. आता ऐक. पुरावा कायद्याचं जुनं कलम १३४, नव्या अधिनियमात १३९: कुठलीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांचा अमुक आकडा लागत नाही. त्यामुळे 'अकरा, अकरा' करू नकोस. १९५७ च्या वडिवेलु थेवर निकालात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार केलेत: पूर्ण भरवशाचा, अजिबात भरवशाचा नाही, आणि अधलामधला. अधल्यामधल्यासाठी दुजोरा शोधावा लागतो. तुझे सगळे तिथे बसतात. मला तीन गोष्टी सांग: प्रत्यक्ष पाहिलं किती जणांनी? जबाब वेगवेगळे घेतले का? पहिला जबाब किती तासांनी?

गवतफुला
पाहिलं... अकरा जण घरात होते ना.

नॅशव्हिलकर
घरात असणं आणि बघणं वेगळं. अकरात तीन मुलं, ती पलंगाखाली. एका बाईने भीतीने बाहेर डोकावलंच नाही.

शिरस्तेदार
बघ! हे विरुद्ध पक्षाने काढलं असतं तर दहा मिनिटांतली नऊ गेली असती.

पिंगळा
पक्ष्याचं बोलू का आता? तिथलं मोठं शिंगवालं घुबड पावणेदोन-दोन फूट उंच, पिवळे डोळे, कानांसारखी पिसं, अंधारात उजेड पडला की डोळे चमकतात. अंगावर येताना पंख उघडतं, तेच 'हात वर'. झाडावरून तरंगत येणं म्हणजे उडणं. अशा दाव्यांची तपासणी करणारे अमेरिकी लेखक जो निकेल यांनी २००६ मध्ये हेच मांडलंय. आपल्याकडचं शृंगी घुबड याच कुळातलं. एकदा दगडखाणीच्या काठावर टॉर्चच्या उजेडात एकदम समोर आलं, मी मित्रांना शपथेवर सांगितलं की कमरेएवढं होतं. सकाळी त्याच दगडाशेजारी उभा राहिलो, दगड माझ्या गुडघ्याला लागत होता. २०१७ मध्ये विशाखापट्टणमला बांधकामावर सापडलेली गव्हाणी घुबडाची पिल्लं लोकांनी 'एलियन' म्हणून देशभर फिरवलीच होती की.

शिरस्तेदार
तुमचा गुडघा हा पुरावा नव्हे. चार हातांवरून शॉटगन झाडली तर घुबडाचं पीससुद्धा पडू नये?

पिंगळा
घाबरलेला माणूस नेम धरतो का?

शिरस्तेदार
मग बादलीचा आवाज कसला? नेम चुकला म्हणता तर आवाज गोळी लागल्याचा नव्हे, आवाज खरा तर नेम बरोबर. एक काहीतरी धरा. शिवाय घुबड तासन् तास बंदुकीपुढे येत राहतं? घरटं राखत असेल म्हणाल, तर त्याचा हंगाम?

पिंगळा
...हंगाम हिवाळ्यात. ऑगस्टमध्ये घरटं नसतं हे मान्य. पण मोठी झालेली पिल्लं आईबापांमागे ओरडत फिरत असतात.

कोकणी आज्जी
आमच्याकडे याला चकवा म्हणतात. माझे सासरे एका रात्री स्वतःच्याच कुळागराला तीन फेऱ्या मारून आले, घर सापडेना. खिशात मीठ ठेवावं.

बाळ्या सातारकर
आज्जी, मिठाने गोळी लागते का? 😄

गवतफुला
शनिवार!!! काका, जबाबाचं सांगा. दुसऱ्याच दिवशी लेडविथ म्हणून स्थानिक रेडिओ केंद्राचा अभियंता गेला. पुरुष बाहेरगावी गेले होते, म्हणून आधी बायकांना विचारून चित्र काढलं, मग पुरुष परतल्यावर त्यांच्याकडून. बरीच जुळली.

शिरस्तेदार
चोवीस तासांच्या आत आणि लेखी-चित्री, छान. पण त्याआधी ही मंडळी दोनच गाड्यांत बसून ठाण्यात गेली, एका घरात रात्रभर जागली. बोलली नसतील? एका खटल्यात पाच गावकऱ्यांनी आरोपीचा शर्ट 'गडद निळसर' सांगितला. आमच्या भागात असं कोण बोलतं? निळा म्हणतील, फार तर काळपट. उलटतपासणीत निघालं, पाचही जण सकाळपासून कोर्टाबाहेरच्या एकाच चिंचेखाली बसले होते. खोटारडे नव्हते. चौघांना पाचव्याचा शब्द आवडला, इतकंच.

नॅशव्हिलकर
याचं उलट उदाहरण देतो, ताईंच्या कामाचं. दुसऱ्या दिवशी 'केंटकी न्यू एरा' या तिथल्या पेपरच्या मथळ्यात '१२ छोटी माणसं' होती. घरच्यांनी मात्र एका वेळी दोनपेक्षा जास्त पाहिल्याचं कधीच सांगितलं नाही. उडत्या तबकड्यांच्या अभ्यासक इझाबेल डेव्हिस १९५६ मध्ये तिथे जाऊन लोकांशी बोलल्या (सहलेखक ब्लोकर यांच्याबरोबरचा अहवाल १९७८ चा), त्यांनीही हे नोंदवलंय. बनाव करणारा माणूस पेपरने फुगवलेला आकडा खाली कशाला आणेल?

पिंगळा
आणि बघायला येणाऱ्यांकडून पैसे घेतले ते?

गवतफुला
ते गर्दी अंगणात घुसायला लागल्यावर! आधी 'आत येऊ नये' अशी पाटी लावली होती.

शिरस्तेदार
घेतले हे कबूल कर, क्रम सांग आणि पुढे जा. त्या विहिरीवरच्या पाहुण्याचं काय? मला तो कच्चा वाटतो.

नॅशव्हिलकर
डेव्हिसनाही वाटला. नंतर तोच जास्त रंगवून सांगायचा.

शिरस्तेदार
मग त्याला पिंजऱ्यात उभाच करू नकोस. यान त्याचं एकट्याचं, यानाची बाजू सोडून दे. आईला बोलाव. तिने रात्री उशिरा, पोलीस गेल्यावर, खिडकीत पाहिलं ना? तेवढंच विचार. किती लांब, उजेड कुठून, किती वेळ. 'परग्रहावरचा होता का' हे विचारायचंच नाही, तिला ते ठाऊक असायचं कारण नाही.

गवतफुला
पण मग मी सिद्ध काय केलं? काहीतरी दिसलं, एवढंच?

शिरस्तेदार
तुझ्या अशिलांवर आरोप कसला आहे? लबाडीचा की चुकीचा?

गवतफुला
थांबा, चिठ्ठी बघते.
...'सटन कुटुंबाने बनाव रचला.' घुबडाचं यात काहीच नाही!! चार दिवस मी घुबडाशी भांडतेय.

पिंगळा
म्हणजे माझं घुबड तुमच्याच बाजूचं निघालं की. घुबड पाहून घाबरले असतील तर बनाव कसला?

चिंगी
😂😂

गवतफुला
पिंगळादादा, घुबडाची मापं परत एकदा नीट टाकाल का? पंखांसकट.

नॅशव्हिलकर
अवांतर: त्या रात्री शोध चालू असताना कुणाचा तरी पाय मांजराच्या शेपटीवर पडला, मांजर किंचाळलं आणि सगळ्या पोलिसांनी पिस्तुलं उपसली. तेही प्रशिक्षित साक्षीदार बरं का.

शिरस्तेदार
हे अवांतर नव्हे. पहिल्या मिनिटाला घे.