'हेल ऑन व्हील्स'मधली मेई: पुरुष बनून रेल्वेवर काम करणं खरंच शक्य होतं का?

निशिगंध:
'हेल ऑन व्हील्स'चा पाचवा सीझन काल रात्री संपवला आणि डोक्यातून जातच नाहीये. (एएमसीची 2011 ते 2016 मधली मालिका, अमेरिकेत आरपार रेल्वे बांधतात ती. खाली स्पॉयलर आहेत, बघायची असेल त्यांनी इथेच थांबा.)

पाचव्या सीझनमध्ये नायक कलन बोहॅनन युनियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी सोडून तिच्या प्रतिस्पर्धी सेंट्रल पॅसिफिककडे आलेला असतो, सिएरा नेवाडाच्या डोंगरात बोगदे चाललेले असतात आणि कामावर बहुतेक सगळे चिनी मजूर. त्यात ताओ आणि त्याचा मुलगा फाँग. आणि मग कळतं की फाँग हा मुलगा नाहीच, ती मेई आहे, ताओची मुलगी. अँजेला झोउने हे काम इतकं सुंदर केलंय की मी आधीचे एपिसोड परत लावून फक्त तिचं चालणं, मान खाली घालून बोलणं, बापाच्या मागे उभं राहणं एवढंच बघत बसले.

प्रश्न असा की हे खरंच घडू शकलं असतं का? म्हणजे हजारो पुरुषांच्या कॅम्पमध्ये एक मुलगी महिनोन्महिने राहते, खाते, झोपते, दगड फोडते आणि कुणालाच कळत नाही? की हे निव्वळ लेखकाच्या सोयीसाठी? कुणी यावर वाचलं असेल तर प्लीज सांगा.

घाटमाथा:
मी लहानपणापासून वेस्टर्न बघत आलोय, त्यामुळे आधी त्या बाजूने बोलतो. जुन्या टीव्ही वेस्टर्नमध्ये, म्हणजे 'गनस्मोक' 20 सीझन चालायची त्या जमान्यात, पुरुषाच्या वेषातली बाई हा ठरलेला मसाला होता. गावात एक नाजूकसा पोरगा येतो, मारामारीत त्याची हॅट उडते, लांब केस खांद्यावर पडतात, सगळे अवाक, आणि शेवटी ती फ्रॉक घालून जिना उतरते. त्या बाईला वेष का घ्यावा लागला याच्याशी कुणाला देणंघेणं नसायचं.

मेईच्या बाबतीत ही युक्ती चालतच नाही, आणि मला ते फार आवडलं. चीनमधल्या चिंग राजवटीचा कायदाच होता की पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरायचा आणि मागे लांब वेणी ठेवायची, आणि परत मायदेशी जायचं असेल तर वेणी कापून चालायचं नाही, म्हणून अमेरिकेतले मजूरही ती सांभाळून होते. म्हणजे तिथे लांब केसांवरून बाई ओळखायचा प्रश्नच नाही. वर सैलसर सदरा, सैल पायजमा, मोठी टोपी. आणि गोऱ्या मुकादमांना एक चिनी माणूस दुसऱ्यापासून वेगळा सांगता यायचा नाही, सांगायची इच्छाही नसायची, मग फाँगकडे नीट बघणार कोण?

सॅक्रामेंटोकर:
घाटमाथा, गोऱ्या मुकादमांबद्दल पटलं, पण खरी अडचण गोऱ्यांची नव्हतीच, ती बरोबरच्या चिनी माणसांची होती. मी इथे बरीच वर्षं राहतोय, आमच्या गावातल्या रेल्वे म्युझियममध्ये पाहुण्यांना घेऊन इतक्यांदा गेलोय की हा विषय आता घरचाच झालाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चिनी मजूर साधारण बारा ते वीस जणांच्या टोळीने राहायचे. प्रत्येक टोळीचा स्वतःचा स्वयंपाकी, एक म्होरक्या. चहा उकळून दिवसभर कामावर पोचवायचे, त्यामुळे घाण पाण्याने होणारे आजार त्यांच्यात कमी. आणि संध्याकाळी काम सुटलं की बारुदाच्या रिकाम्या पिंपांत गरम पाणी तयार असायचं, रोज अंग धुवायचं, कपडे बदलायचे, मगच जेवायचं. गोरे मजूर आठवडेच्या आठवडे त्याच कपड्यांत असत, त्यांच्यात लपणं त्या मानाने सोपं होतं. पण रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून आंघोळ करणाऱ्या टोळीत मेई किती दिवस टिकली असती? बाप टोळीचा म्होरक्या असेल, दोनचार माणसं विश्वासातली असतील तरच. म्हणजे एकटीने लपून राहणं जवळपास अशक्य, पण सगळ्यांनी मिळून एक गुपित पाळणं शक्य.

त्यात 1866-67 चा हिवाळा. एकामागून एक बर्फाची वादळं, माणसं बर्फात बोगदे खणून त्यातूनच ये-जा करत होती. शिखरावरचा सहा नंबरचा बोगदा 1,659 फूट, अख्खा ग्रॅनाइट, दोन्ही तोंडांकडून शिवाय मधे विहीर खणून आतून दोन्ही बाजूंना असं चार ठिकाणी काम, तरी एका तोंडाशी दिवसाला फूट-दीड फूट. नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक तिथेच तयार करून वापरायचे. एवढ्या दाटीत खाजगीपणा कुठला.

पण आता उलट बाजू. कंपनीच्या पगारपत्रकात बहुतेक वेळा टोळीच्या म्होरक्याचंच नाव असायचं, पैसे त्याच्या हातात, वाटप तो करणार. बाकी माणसं म्हणजे नुसता आकडा. हजारो लोकांनी काम केलं आणि त्यांच्यातल्या एकाचंही पत्र किंवा डायरी आजवर मिळालेली नाही, स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं शोधून सुद्धा. त्यामुळे अशी एखादी मुलगी खरंच तिथे असती तरी कागदावर तिचा मागमूस राहिला नसता. मालिकेच्या लेखकांनी गोष्ट बरोब्बर त्या रिकाम्या जागेत बसवलीय.

निशिगंध:
आंघोळीचं वाचून मी परत विचारात पडले. पण मग मुळात तिला वेष का घ्यावा लागला? आपल्याकडे बोरघाटाचं रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा बायका उघड उघड माती-दगड वाहत होत्या ना? तो मार्ग 1863 ला सुरू झाला असं आठवतंय, म्हणजे काळ तोच की.

सॅक्रामेंटोकर:
हो, आणि 1863 लाच सेंट्रल पॅसिफिकने सॅक्रामेंटोत पहिली कुदळ मारली. बोरघाटात घरंच्या घरं कामावर येत होती, नवरा-बायको-पोरं सगळी. इथे तसं नव्हतं. 1870 च्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेत 63 हजारांच्या आसपास चिनी आणि त्यात बायका साडेचार हजार. त्यातल्या कितीतरी फसवून किंवा विकत आणून कुंटणखान्यात डांबलेल्या. चिनी बाई एकटी दिसली की ती कुणाच्या तरी मालकीची, असंच लोक धरून चालायचे. अशा ठिकाणी बापाला आपली मुलगी मुलगा म्हणून वावरावी असं वाटलं तर नवल नाही. पुढे 1875 च्या पेज कायद्याने चिनी बायकांना देशात येणंच जवळजवळ बंद केलं.

अबोली_नगर:
इतकी छान चर्चा चाललीय म्हणून राहवलं नाही. चिनी मजुरांत असं कुणी सापडलेलं नाही हे खरं, पण त्याच काळात त्याच पश्चिमेत पुरुष म्हणून जगलेल्यांची पक्की उदाहरणं आहेत.

कॅथे विल्यम्स, गुलामीत जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी. नोव्हेंबर 1866 मध्ये सेंट लुईसला 'विल्यम कॅथे' नावाने सैन्यात भरती झाली, 38 व्या पायदळात. भरतीच्या वेळची तपासणी वरवरची, मग न्यू मेक्सिकोपर्यंत पायपीट, देवी आल्या, अनेकदा दवाखान्यात दाखल झाली तरी जवळजवळ दोन वर्षं कुणाला कळलं नाही. पलटणीत तिचा एक चुलतभाऊ आणि एक मित्र होता, फक्त त्या दोघांना माहीत. म्हणजे सॅक्रामेंटोकर म्हणतात तेच, विश्वासातली माणसं हवीतच. शेवटी डॉक्टरला कळलं आणि ऑक्टोबर 1868 ला ती सैन्यातून बाहेर पडली. पुढे आजारी असताना पेन्शन मागितली तर नाकारली. मला हे वाचून इतका राग आला होता की काय सांगू. मेईची गोष्ट घडते त्याच वर्षांत ही बाई खरोखर बंदूक खांद्यावर घेऊन चालत होती.

दुसरं उदाहरण चार्ली पार्कहर्स्ट. कॅलिफोर्नियात घोडागाडी हाकणाऱ्यांत मोठं नाव, घोड्याच्या लाथेने एक डोळा गेलेला म्हणून एकाक्ष चार्ली. डिसेंबर 1879 ला वॉटसनव्हिलजवळ वारल्यावर अंत्यविधीची तयारी करताना लोकांना कळलं की शरीर बाईचं आहे. पण इथे मी 'वेष' म्हणणार नाही. चार्ली अनेक दशकं पुरुष म्हणून जगला, निवृत्त झाल्यावरही तसाच राहिला, मतदार यादीत नाव होतं. आज बरेच लोक त्याच्याकडे ट्रान्स पुरुष म्हणून बघतात आणि मला ते योग्य वाटतं. जीव वाचवायला किंवा पगारासाठी कपडे बदलणारी मेई किंवा कॅथे वेगळी आणि चार्ली वेगळा, टीव्हीवाले मात्र सगळ्यांना एकाच साच्यात घालतात.

घाटमाथा:
अबोलीताई, कॅथे विल्यम्सवर अख्खी मालिका व्हायला हवी! फाँगवर परत येतो. माझी एकच तक्रार आहे, मेईचं गुपित फुटल्यावर मालिका तिला हळूहळू बोहॅननची प्रेयसी करून टाकते. तोवर ती दोन्ही बाजूंच्या मधे उभी राहून दुभाषाचं काम करणारी, कामातलं सगळं समजणारी, बापाची काळजी घेणारी पूर्ण व्यक्ती असते, नंतर आपण तिच्याकडे नायकाच्या डोळ्यांनी बघायला लागतो. जून 1867 ला चिनी मजुरांनी 40 डॉलर पगार आणि कमी तास मागत संप केला, सेंट्रल पॅसिफिकचं बांधकाम बघणाऱ्या चार्ल्स क्रॉकरने त्यांचं धान्य अडवून आठवड्याभरात तो मोडला. तो संप मेईच्या नजरेतून दाखवला असता तर? बापाच्या भांड्यातलं धान्य संपतंय आणि ही मुलगा म्हणून पुरुषांच्या बैठकीत बसलीय. मला तो एपिसोड बघायचा होता.

निशिगंध:
अगदी अगदी! तरी प्रेमकथेबद्दल मी थोडी वेगळी आहे. शेवटी बोहॅनन सैन्याची नोकरी सोडून चीनला जाणाऱ्या जहाजावर चढतो तेव्हा पहिल्यांदाच तो तिच्या देशात परका होणार असतो, भाषा येत नाही, कुणी ओळखत नाही. इतके दिवस ती जे सोसत होती त्यातलं थोडं तरी आता त्याच्या वाट्याला येईल. मला तो शेवट म्हणून पटला. संपाचा एपिसोड मात्र हवाच होता.

सॅक्रामेंटोकर, ते बोगदे बघता येतात का? डिसेंबरमध्ये भावाकडे फ्रेमाँटला येतेय.

सॅक्रामेंटोकर:
येतात की. सिएरा नेवाडात डॉनर समिटजवळ सहा नंबरचा बोगदा आहे, तो जुना रूळमार्ग 1993 ला बंद झाला, रूळ काढले, आता आतून चालत जाता येतं. भिंतींवर छिन्नीच्या खुणा हाताला लागतात, जवळच चिनी मजुरांनी चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत आहे. पण डिसेंबरमध्ये नको, सात हजार फुटांवर आहे, बर्फ खूप असतं आणि रस्ता अचानक बंद होतो. जुलै-ऑगस्टला जमवा, जॅकेट आणि टॉर्च घेऊन या, आत उन्हाळ्यातही पाणी गळत असतं. डिसेंबरमध्येच येणार असाल तर म्युझियम बघा, फ्रेमाँटहून ट्रेननेही येता येईल, स्टेशनपासून चालत आहे.