आउटपुट ट्रान्सफॉर्मर इथेच गुंडाळून घेताना

ईएल८४ व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळीच्या) सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या अँपसाठी व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मुंबईहून आणण्यापेक्षा नाशिकच्या अंबड-सातपूरला मेन्सचे ट्रान्सफॉर्मर करणाऱ्याकडून गुंडाळून घ्या, असं काही जण सुचवतात. पटतं, पण त्याला गॅपचं, म्हणजे कोअरमध्ये ठेवायच्या फटीचं, सांगायला विसरू नका. मेन्सचा कारागीर सवयीने कोअरच्या ई आणि आय आकाराच्या लोखंडी पत्त्या आलटून-पालटून भरतो. सिंगल-एंडेडमध्ये व्हॉल्व्हचा साधारण ४८ मिलिअँप डीसी सतत प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीतून) वाहतो, त्याने असा बंद कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकीयदृष्ट्या भरून जातो, आणि बेस पार मरतो. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ०.१ मिमीचा कागद. कागद मधल्या आणि कडेच्या पायांवरही येतो, म्हणजे चुंबकीय वाटेत तो दोनदा लागतो, त्यामुळे एकूण गॅप ०.२ मिमी धरायचा. जाड पुठ्ठा घातला तर इंडक्टन्स पडतो आणि बेस पुन्हा जातोच. पुश-पुलला (दोन व्हॉल्व्ह समोरासमोर चालणाऱ्या अँपला) ही भानगड नाही, तिथे दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना मारतो.

व्हॉल्व्हला लागणाऱ्या ५.२ किलोओहमच्या लोडला ८ ओहमचा स्पीकर म्हणजे वेढ्यांचं प्रमाण साधारण २५.५ ला १. सेकंडरी (स्पीकरकडची गुंडाळी) प्रायमरीच्या थरांमध्ये विभागून घ्यायला सांगा, नाहीतर वरचे सूर दबतात. हातात आल्यावर प्रायमरीला व्हॉल्व्हच्या हीटरचे ६.३ व्होल्ट एसी द्या, सेकंडरीवर पाव व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. उलट जोडू नका, प्रायमरीवर १६० व्होल्ट येतील.