अनुभव धागा : शाळेत मोबाईल आला, तेव्हा तुम्ही कशासाठी अडून बसलात?

ठाणे-नवी मुंबईत शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. २०२० साली रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा पुस्तकांतल्या क्यूआर कोडबद्दल सगळे बोलले. मला त्याहून भावलं ते त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देणं. ॲप कसं वापरायचं याची प्रशिक्षणं आपण ढीगभर केली. कुठे थांबायचं, ते मात्र आपलं आपणच ठरवत आलो. ते लिहा. शाळेचं आणि मुलांचं नाव नको.

तुर्भे स्टोअर, प्राथमिक

लॉकडाऊनमध्ये सकाळी नऊला ऑनलाइन हजेरी घ्यायची, असा आमच्याकडे आदेश होता. माझ्या पस्तीसपैकी बारा-तेरा मुलं दिसायची. बाकीच्यांना गैरहजर लिहायला हात धजेना. एकेका घरी फोन लावला. कितीतरी वडील वाशीच्या एपीएमसीत हमाल. भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात, म्हणून बाबा फोनसकट मार्केटात. घरी यायचे ते दुपारी. फोन एक, भावंडं तीन.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं, नऊचा तास मी घेणार नाही. दुपारी तीननंतर पाच मिनिटांचे आवाजी धडे पाठवते, डेटाही कमी लागतो. "वर काय कळवायचं?" ते चिडून म्हणाले. जे आहे ते कळवा, म्हटलं. आठ दिवस बोलणं बंद. मग शेजारच्या वर्गाच्या बाईंनीही तेच सुरू केलं आणि पुढे सगळ्या शाळेचंच वेळापत्रक बदललं. एक मुलगी उत्तरंही बोलून पाठवायची. मागे कुकरच्या शिट्ट्या, धाकट्याचं रडणं. तिचं घर मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

वागळे इस्टेट, उच्च प्राथमिक

वह्यावाटपाचे फोटो ग्रुपवर पडले आणि तिथून कुठे कुठे गेले. सहावीतला एक मुलगा दुसऱ्या दिवशी आलाच नाही. आई ज्या घरी काम करते, तिथल्या बाईंच्या फोनवर त्याचा हात पसरलेला फोटो पोचला होता. तो फोटो मीच काढला होता. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली.

आता आम्ही वह्यांचा फोटो काढतो, मुलांचा नाही. देणाऱ्या मंडळींना आधीच सांगतो. एक-दोघे नाराज झाले. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं. माझ्यासाठी मात्र तो रिकामा बाक पुरेसा होता.

ऐरोली, माध्यमिक

चाचणीचे गुण ग्रुपवर टाकणं बंद केलं. आग्रह पालकांचाच, "बाई, कळू दे ना आपला कितवा!" आता प्रत्येकाला वेगळा मेसेज. अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ दे.

दिवा, प्राथमिक

'अपार' आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा डिजिटल ओळख क्रमांक. त्यासाठी पालकांचं संमतीपत्र लागतं. आमच्याकडे रोज एकच विचारणा, किती झाले? शाळेच्या रजिस्टरात एक नाव, आधारवर दुसरं, त्यात कितीतरी मुलं अडलेली. कुणीतरी सुचवलं, सह्या आपणच करून टाकू. मी केल्या नाहीत. दोन शनिवार पालकांना बोलावून अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. एका आजींनी अंगठा लावण्याआधी विचारलं, "नाही दिला तर पोराला काढाल का?" नाही, म्हटलं. "मग सुनेला विचारून सांगते," म्हणाल्या आणि कागद घडी घालून घेऊन गेल्या. माझ्या यादीत ती जागा बरेच दिवस रिकामी होती.

घणसोली, शिक्षणसेवक

वर्णनात्मक नोंदींसाठी मी एआयला वर्गाची यादी दिली. चाळीस नोंदी पाच मिनिटांत, भाषा सुरेख. आमच्या ज्येष्ठ बाईंनी वही चाळली आणि एका नावावर बोट ठेवलं. "गटात उत्साहाने बोलतो? अरे, हा जूनपासून कुणाशी बोललेला नाही."

मला उत्तर देता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत. शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर बसल्या आणि एकेक मूल आठवायला लावलं. सतरा मुलांबद्दल माझ्याकडे एक वाक्यही नव्हतं. नोंदी पुन्हा लिहिल्या, त्याला तीन आठवडे लागले, कारण आधी मुलांकडे बघावं लागलं. प्रश्नपेढीसाठी एआय अजूनही वापरतो. मुलांची नावं त्यात घालत नाही.

त्या मुलाशेजारी मी मधल्या सुट्टीत डबा खातो. परवा त्याने न बोलता लोणचं पुढे केलं.