मदत हवी आहे: स्लरीच्या पाण्यात क्लोरेला (सूक्ष्म हिरवं शेवाळ) टिकत नाही

गोठा_कराड: गोबरगॅसच्या स्लरीचं पाणी गाळून टाकीत घेतलं, क्लोरेलाचं कल्चर सोडलं. सुरुवातीला हिरवं दिसतं, मग तपकिरी पडतं आणि वास मारतो. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. ओढ्याच्या खालच्या अंगाला लोकांच्या विहिरी आहेत, हे पाणी तसंच जाऊ द्यायचं नाही. शेवाळातून तेल काढून इंजिन चालवायचा बेत आहे. पावसाआधी बसायला हवं, लवकर सांगा.

मीरा_त: टाकी किती खोल? स्लरीत पाणी किती घातलं? पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी) किती?

रानवेडा: शेवाळाच्या नादी लागू नका. अझोला (पाण्यावर तरंगणारं नेचं) सोडा, जाळीनं उचला, म्हशींना घाला. आमच्याकडे मस्त चालतं.

मीरा_त: रानवेडा, अझोला हवेतूनच नायट्रोजन घेतो. फॉस्फरस उतरेल, पण अमोनियातला नायट्रोजन काढायला तो कशाला? त्यापेक्षा डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती) बरं.

रानवेडा: पुस्तकात काहीही असो, आमचं पाणी नितळ झालं.

संजू७७: स्पिरुलिना (खायचं शेवाळ) करा, पावडरीला भाव आहे.

मीरा_त: शेणाच्या पाण्यातली? माणसांना खायला? अजिबात नको.

गोठा_कराड: टाकी चार फूट, जुनी सिमेंटची. पाणी कशाला घालायचं, स्लरी पातळच आहे. पीएच दुपारी ९ च्या आसपास. आता उपाय सांगा.

मीरा_त: मग कारण सापडलं. गडद पाण्यात ऊन वरच्या काही बोटांपलीकडे जात नाही, खालचं शेवाळ अंधारात मरतं. खोली फूटभरच ठेवा आणि पाणी हलतं ठेवा. दुसरं, शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच चढतो. ९.२५ च्या आसपास निम्मा अमोनिया मुक्त रूपात असतो आणि तो शेवाळालाच विषारी. आधी बादल्यांत स्लरी दहापट, वीसपट पातळ करून बघा, हिरवं टिकेल ते प्रमाण धरा. थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखालीही बघा, रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) झाले असतील तर ते शेवाळ फस्त करतात.

डिझेल_मामा: तेलाचं काय?

मीरा_त: शेवाळात तेल साठतं ते नायट्रोजनचा तुटवडा पडला की. इथे तर नायट्रोजन भरपूर, म्हणून पाणी साफ होईल पण तेल थोडंच मिळेल. अमेरिकेनं १९७८ ते १९९६ या तेलावर सरकारी कार्यक्रम चालवला, तरी ते खनिज डिझेलपेक्षा महागच पडलं. शेवाळ परत गोबरगॅसच्या टाकीत घाला, गॅस मिळेल.

डिझेल_मामा: एवढी यातायात कशाला? स्लरी सरळ उसाला द्या.

गोठा_कराड: मामा, वीस गुंठे रान आहे, सगळी जिरत नाही. मीराताई, फूटभर खोल टाकी करायला परसात जागा होईल. पण शेवाळ पाण्यातून काढायचं कसं? फडक्यातून निसटतं.

मीरा_त: ते फडक्यात अडकायचं नाही. तुरटीनं खाली बसवा. बाटल्यांत वेगवेगळी मात्रा घालून बघा आणि लागेल तितकीच वापरा, कारण तो गाळ परत गॅसच्या टाकीत जाणार आहे.