घराजवळच्या डायनरमध्ये खायला जावं का? आमच्याकडे दर रविवारी यावरून वाजतं

रूट_सत्तावीस

आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सी. घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर एक डायनर आहे, म्हणजे साधं अमेरिकन खाणं मिळणारं हॉटेल, लांबट, स्टीलचा, रेल्वेच्या जुन्या डब्याचं हॉटेल केल्यासारखा. बारा वर्षं समोरून गेलो-आलो पण आत पाय ठेवला नाही, कारण बायकोचं ठाम मत की तिथे आपल्याला खाण्यासारखं काही नसतं आणि मीही कधी फारसा वाद घातला नाही.

मे महिन्यात आईबाबा आले. बाबांना पहाटे चारला जाग येते, जेटलॅग वगैरे काही नाही, नाशिकलाही येते. मग सगळ्यांना उठवण्यापेक्षा एका सकाळी साडेसहाला मी त्यांना घेऊन तिथे गेलो. काउंटरवर बसलो. समोर कागदाची टेबलमॅट, तिच्यावर दाताचा डॉक्टर, वकील, छप्पर दुरुस्तीवाला अशा गावातल्या सगळ्यांच्या जाहिराती, बाबांनी चष्मा लावून त्या सगळ्या वाचल्या. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता जाड पांढऱ्या मगात कॉफी ओतली. बाबांनी संपवली की त्या परत भरायच्या. तिसऱ्या वेळी बाबा हळूच म्हणाले, अरे हिला आता पुरे म्हण, बिल किती होईल. रिफिलचे पैसे लागत नाहीत म्हटल्यावर चौथा मगही घेतला.

त्यानंतर ते असेपर्यंत आम्ही रोज नाही पण आठवड्यातून तीनदा तरी गेलो. आता ते परत गेलेत, तरी मला सवय लागलीय आणि मी रविवारी पोरांना घेऊन जातो. बायको म्हणते चव नाही, ढव नाही, अंडी-बटाट्याला एवढे पैसे कोण देतं. तुमचं काय मत? खरं खरं सांगा, मी तिला दाखवणार आहे.

पोटोबा

वहिनींच्या बाजूने एक मत माझं. अंडी, बटाटे आणि पाव, या तीन गोष्टी घरात असतात, दहा मिनिटांत होतात. त्यावर मीठ-मिरपूड आपणच घालायची, केचप आपणच ओतायचं, म्हणजे स्वयंपाकातला शेवटचा भाग गिऱ्हाइकाने करायचा आणि वर टिप द्यायची. एडिसनला राहून कोणी डायनरला जातं का हो, ओक ट्री रोड हाकेच्या अंतरावर आहे, तेवढ्याच पैशात मसाला डोसा आणि कडक फिल्टर कॉफी मिळते. आपला डायनर तोच.

खडीसाखर

डोसा हाउसमध्ये शेवटचा घास घशाखाली उतरायच्या आत बिल टेबलावर आपटतात ते पण सांगा की पोटोबा. रविवारी तर लोक आपल्या खुर्चीमागे उभे राहून आपल्या ताटाकडे बघत असतात.

मेथीकूट

पैशाचं सोडा, माझा प्रश्न वेगळाच आहे. आम्ही अंडं खातो, मांस नाही. आमच्या इथल्या डायनरमध्ये काउंटरवर बसलं की तवा समोर दिसतो, आणि तेच वाईट झालं, दिसलं. डावीकडे बेकनच्या पट्ट्या, त्यावर लोखंडी वजन दाबून ठेवलेलं, त्यातून सुटलेली चरबी तव्यावर पसरत चाललीय आणि हातभर अंतरावर माझं ऑम्लेट. त्याच उलथन्याने बेकन उलटलं, त्याच उलथन्याने माझं ऑम्लेट. मी नाही खाऊ शकले, नवऱ्याने दोन्ही प्लेटी संपवल्या. आणि गंमत म्हणजे मेन्यूला दहा पानं! दहा पानांत शाकाहारी माणसाने काय खायचं, तर ग्रिल्ड चीज, तेही त्याच तव्यावर.

तव्यामागचा

सातवीत इथे आलो त्यामुळे मराठी थोडं तोडकंमोडकं, चालवून घ्या. कॉलेजात असताना दोन समर एका डायनरमध्ये तव्यामागे काम केलंय म्हणून लिहितो.

मेथीकूटताईंचं बरोबर आहे. बेकन एका बाजूला ठेवायचं, मधे स्क्रेपर मारायचा, चरबी पुढच्या पन्हळीत ढकलायची असं शिकवतात. पण रविवारी सकाळी दहा ते एक ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची रांग लागलेली असते, तेव्हा जिथे जागा दिसेल तिथे अंडं फोडतो माणूस. ऑर्डर देतानाच सांगायचं की अंडी वेगळ्या पॅनमध्ये पाहिजेत, कारण बेकन चालत नाही. बहुतेक जण करून देतात, त्यात कोणाला राग येत नाही, ॲलर्जीवाले रोज विचारतात. पोच्ड मागितलं तर ते पाण्यातच होतं, तव्याला लागत नाही.

अजून एक, डिस्को फ्राइज खाताय का कोणी? बटाटे आणि वितळलेलं चीज म्हणून आपली व्हेज मंडळी खुशाल मागवतात. वरची तपकिरी ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी बीफची असते. आणि फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकनही पडतं. भाज्यांच्या सूपमध्येही कधी कधी चिकनचा स्टॉक असतो. ग्रीक मालक असेल (जर्सीत पुष्कळ आहेत) तर स्पॅनाकोपिटा मागा, पालक आणि फेटा चीज, ओव्हनमधून येतो. आणि राइस पुडिंग, वर दालचिनी घातलेली थंडगार तांदळाची खीरच ती.

मेथीकूट

डिस्को फ्राइज!!! देवा. ऑफिसच्या लोकांबरोबर किमान चार वेळा खाल्लेत. आईला कळू देऊ नका.

हिशोबी

टिपचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी जात नाही त्याचं मुख्य कारण तेच. पगार मालकाने द्यायचा, मी का? भारतात आपण दहा-वीस रुपये ठेवतो ते खुशीने ठेवतो. इथे २० टक्के नाही ठेवले तर पुढच्या वेळी कॉफी गार येईल ही धास्ती. कॉफी ओतायला कसली आलीय टिप.

रूट_सत्तावीस

हिशोबी, फेडरल कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराचा रोख पगार ताशी २ डॉलर १३ सेंट आहे, आणि तो १९९१ पासून तेवढाच आहे. न्यू जर्सी त्यातल्या त्यात बरी, २०२५ मध्ये ५ डॉलर ६२ सेंट. बाकी बहुतेकांना तेव्हा किमान १५ डॉलर ४९ सेंट. मधला फरक म्हणजे आपण ठेवलेली टिप. ती खुशी कुठे राहिली, तो पगारच आहे.

हिशोब अवघड वाटत असेल तर सोपी युक्ती देतो. इथे सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, बिलावरच्या टॅक्सच्या आकड्याची तिप्पट केली की जवळपास २० टक्के होतात. गेल्या रविवारी आम्हा चौघांचं (हो, बायको पण आली होती, तोंड पाडून) खाणं ६३ डॉलर, टॅक्स ४.१७, टिप साडेबारा. ऐंशीला थोडे कमी.

हिशोबी

अर्धंच सांगितलंत. टिप धरून किमान वेतन भरलं नाही तर उरलेलं मालकाने भरायचं असतं, कायदा तेही म्हणतो. म्हणजे मी टिप दिली नाही तर भार मालकावर जायला पाहिजे, त्या बाईंवर नाही.

तव्यामागचा

कागदावर असंच आहे. पण मालकाकडे जाऊन माझी टिप कमी पडली, फरक द्या असं म्हणणारी व्यक्ती पुढच्या आठवड्यात रविवारच्या शिफ्टवर दिसत नाही. रविवारची शिफ्ट सोन्याची असते, सगळा आठवडा त्यावर.

पोटोबा

ऐंशी डॉलर!! बटाट्याला!! मी काही बोलतच नाही.

पार्सिपनीचे_काका

मी १९८१ ला आलो. औषधांच्या कारखान्यात रात्रपाळीला केमिस्ट होतो. रात्री तीनला सुटलो की उघडं असायचं ते फक्त डायनर. तेव्हा ओक ट्री रोडवर आजच्यासारखे डोसे नव्हते पोटोबा, ना कुठे पोहे. ट्रक ड्रायव्हर, पोलिस, नर्सा आणि मी. कॉफी कडू, करपलेली, दोन-दोन तास भांड्यात उकळत पडलेली. ती आवडायची असं म्हणणार नाही, पण कोणीतरी ओतून देत होतं. एक माहिती नवीन मंडळींसाठी, केशरी कडेचं भांडं दिसलं तर त्यात डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. मी पहिलं वर्षभर केशरी भांडं पुढे केलं की हसून हो म्हणायचो आणि मग गाडी चालवताना झोप का येते याचा विचार करायचो.

बाकी तो रेल्वेचा डबा नव्हे हो. सगळ्यांना तसंच वाटतं. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाचा गृहस्थ घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना सँडविच, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), कॉफी विकायचा, तिथून हे सुरू झालं. पुढे डायनर कारखान्यातच बांधून तयार करायचे आणि उचलून आणून जागेवर ठेवायचे, रस्त्याने नेता यावा म्हणून तो अरुंद, लांबट. ते कारखाने आपल्याच राज्यात होते, एलिझाबेथला ओमाहोनी, पॅटर्सनला सिल्क सिटी. म्हणून जर्सीत इतके डायनर. जर्सी सिटीतला व्हाइट माना तर न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला, नंतर इकडे आणला. क्लिफ्टनचा टिक टॉक डायनर १९४८ चा, त्यावर निऑनमध्ये ‘ईट हेवी’ लिहिलंय. आपण पोट भरा म्हणतो, हे जड खा म्हणतात.

(१९९२ मध्ये राज्य सरकारने साल्मोनेलाच्या भीतीने हॉटेलांना पातळ बलकाची अंडी द्यायला बंदी केली होती. लोकांनी इतकी टिंगल केली की नियम लवकरच सैल करावा लागला. अंड्यावरून सरकार नमलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.)

पोटोबा

काका, तुमच्या वेळचं वेगळं होतं, ते मान्य. पण आता रात्री तीनला उघडं कुठे असतं? आमच्या इथला कोव्हिडनंतर नऊला बंद होतो. रात्रपाळीवाला आता गॅस स्टेशनवरच कॉफी घेतो. म्हणजे ज्यासाठी डायनर होता तेच गेलं, आणि राहिले महागडे बटाटे.

खडीसाखर

हे मात्र खरंय. आमचाही नऊला बंद. वाईट वाटतं.

सौ_सत्तावीस

नमस्कार, मी ती ‘बायको’. धागा मला दाखवणार होते, दाखवला नाही, मीच शोधला.

चव नाही असं मी म्हणते ते खरं, पण खरी गोष्ट यांनी लिहिलेली नाही. रविवारी सकाळी मी पोहे करते. बारा वर्षं करतेय. आता साडेआठला हे पोरांना घेऊन जातात आणि अकराला भरल्या पोटाने येतात, पोहे ओट्यावर गार. सोमवारी डब्यात तेच कडक पोहे मी नेते. आणि तिथे गेल्यावर बसतात काउंटरवर, चौघं एका रांगेत, तव्याकडे तोंड करून. मी कोणाशी बोलायचं, बेकनशी?

बाबा नाशिकला परत गेल्यावर त्या वाढणाऱ्या बाईंनी ‘डॅड कुठे’ म्हणून विचारलं आणि हे रडवेले झाले, ते पण यांनी लिहिलेलं नाही. त्यामुळे मी जाऊ नका असं म्हणणार नाही. बूथमध्ये, म्हणजे समोरासमोर बाकं असलेल्या टेबलावर बसायचं, माझं अंडं वेगळ्या पॅनमध्ये सांगायचं, आणि आदल्या रात्री सांगायचं म्हणजे मी कांदा चिरून ठेवणार नाही.

रूट_सत्तावीस

रडवेला वगैरे झालो नव्हतो. कांद्याचं कबूल.

तव्यामागचा

ताई, वेगळा पॅन पाहिजे तर रविवारी नका जाऊ. मंगळवारी सकाळी सातला जा, कुक मोकळा असतो, तवाही नुकताच घासलेला.

पोटोबा

आणि रविवारचे पोहे मला पाठवा, मी वूडब्रिजला असतो.