मदत हवी आहे: शनिवारी चॅट्सवर्थ, कुठलं तिकीट काढू?

सायली_क:
आईबाबा बुधवारी परत चाललेत, हा एकच शनिवार हातात आहे. त्यांना चॅट्सवर्थ हाउस, म्हणजे इंग्लंडच्या डर्बीशरमधलं ड्यूकचं जुनं महालासारखं घर, दाखवायचंय. घराचं तिकीट काढू की नुसत्या बागेचं? एका दिवसात सगळं होतं का? लवकर सांगा प्लीज, आज रात्रीच बुक करायचंय.

डर्बीकर:
कुठून निघणार? गाडी आहे का?

माधवकाका:
घराचंच काढ. शिल्पांच्या दालनात शिल्पकार मॉन्टीने १८४७ मध्ये घडवलेली व्हेस्टल, म्हणजे प्राचीन रोमची कुमारी पुजारीण आहे. चेहऱ्यावरचा झिरझिरीत पदर आणि त्यातून दिसणारे नाक-ओठ, सगळं एकाच संगमरवरातलं. मी तिथून हललोच नाही. वरच्या संगीत दालनात दारावर व्हायोलिन टांगलेलं दिसेल, तेही नुसतं रंगवलेलं.

रानवाटा:
काका, उन्हाचा दिवस घरात कशाला घालवायचा? बागेचं काढा. एम्परर कारंजं १८४४ चं आहे, पंप नाही, टेकडीवरच्या तळ्यातलं पाणी उताराच्या जोरावर उसळतं. बाहेरचं हजार एकरांचं पार्क तर फुकटच. डर्वेंट नदी, हरणं, मेंढ्या. डबा घेऊन जा.

माधवकाका:
पाऊस आला तर डबा कुठे खाणार? डर्बीशर आहे ते.

प्रवासी_७१:
त्यापेक्षा ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनहाइम राजवाड्याला न्या. चर्चिल तिथे जन्मले.

डर्बीकर:
त्यांनी चॅट्सवर्थचं विचारलंय. सायली, कुठून निघणार ते सांगा ना.

रावेरचा_शेतकरी:
चॅट्सवर्थ म्हणजे आमच्या केळीचं माहेर! १८३० च्या दशकात तिथल्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने केळी पिकवली. मालक ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, तेच नाव केळीला पडलं. आपली बसराई काय नि ग्रँड नैन काय, त्याच कुळातल्या.

रानवाटा:
ग्रँड नैनला बसराईची चव नाही.

रावेरचा_शेतकरी:
घड बघा की हो. चवीवर घर चालत नाही.

सायली_क:
लेस्टरहून, गाडी नाही. आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालंय, ते लिहायचं राहिलं.

डर्बीकर:
हे आधी हवं होतं! लेस्टरहून ट्रेनने शेफील्ड, तिथून बेकवेलची २१८ बस चॅट्सवर्थला थांबते. परतीची शेवटची बस आजच बघून ठेवा, नाहीतर संध्याकाळी अडकाल. घरात लिफ्ट आहे. व्हीलचेअर हवी असेल तर आधी फोन करा. बाग चढाची आहे, आईंना कारंज्यापर्यंतच न्या. घर आणि बाग, एकत्र तिकीट काढा.

सायली_क:
काढलं. केळीचं बाबांना वाचून दाखवलं, आता त्यांना आधी काचघर बघायचंय.

रावेरचा_शेतकरी:
पॅक्स्टनचं मोठं काचघर १९२० मध्ये पाडलं, ताई. बाबांना आत्ताच सांगून ठेवा.

सायली_क:
बरं झालं सांगितलंत. आई व्हीलचेअरला तयार नाही, काठी पुरे म्हणते. काठी घेऊन ते घर फिरलेलं कोणी आहे का इथे?